कर्ज त्याचं, सिबिल तुमचं: जामीनदाराने सुरुवात कुठून करायची

"दाजी, फक्त सही लागते. हप्ता मी भरतोय की."

सोलापुरात एवढ्या एका वाक्यावर कितीतरी जामीनपत्रं झाली आहेत. मेव्हण्याला माग घ्यायचे असतात, शेजाऱ्याला रिक्षा, शाळेतल्या सहकाऱ्याला सेवकांच्या पतसंस्थेतून मुलीच्या लग्नासाठी कर्ज. पगारदार माणूस नात्यात एखादाच असतो, म्हणून सगळे त्याच्याकडेच येतात. पुढे काही वर्षांनी तो स्वतःच्या घरकर्जासाठी बँकेत जातो, तेव्हा साहेब स्क्रीनकडे बघत विचारतात, "तुमच्या नावावर हे थकीत खातं कुठलं हो?"

हा लेख त्या प्रश्नापाशी अडकलेल्यांसाठी आहे. सगळ्यात जास्त नुकसान कर्जदार हप्ता चुकवतो तेव्हा होत नाही. "कर्ज मी घेतलेलंच नाही, बँकेने आधी त्याला पकडावं" असं म्हणत जामीनदार जे महिने घालवतो, त्यात ते होतं. कायदा त्या म्हणण्याला साथ देत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे करारात वेगळं ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसुली करा, मग माझ्याकडे या, असं जामीनदार बँकेला सांगू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच स्पष्ट केलं. म्हणून राग बाजूला ठेवून ते खातं आजपासून स्वतःचं समजून हाताळायचं. राग कुठे वसूल करायचा तेही कायद्यात आहे, त्यावर पुढे येतो.

आधी अहवाल काढा, आणि नीट वाचा

आपण सगळ्यालाच "सिबिल" म्हणतो, पण कोणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या अशा चार पतमाहिती कंपन्या देशात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक कंपनीने प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. तो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. चारही काढलेले बरे, कारण एकीकडे दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडे तशीच राहिलेली असू शकते.

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि सगळ्यांची नजर तिथेच जाते. जामीनदाराचं खरं काम मात्र आतल्या खात्यांच्या यादीत आहे. प्रत्येक खात्यापुढे मालकीचा प्रकार लिहिलेला असतो: वैयक्तिक, संयुक्त किंवा गॅरंटर. तुम्ही जामीनदार असून तिथे "संयुक्त" लिहिलं असेल, तर बँकेने तुम्हाला सहकर्जदार दाखवलं आहे. हा फरक किरकोळ नाही. घरकर्ज देणारी बँक तो सगळा हप्ता तुमच्याच पगारातून जातोय असं धरून हिशोब करू शकते.

त्याच खात्याखाली महिनावार चौकोनांची एक ओळ असते. हप्ता किती दिवस थकला, म्हणजे डीपीडी, ते तिथे दिसतं. समजा मेव्हण्याने ५ लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी ४ वर्षांसाठी घेतलं. हप्ता साधारण १३,१६७ रुपये, तारीख दर महिन्याची ५. जानेवारीपासून त्याने भरणं थांबवलं. महिनाअखेरीस जानेवारीच्या चौकोनात २६ येईल, फेब्रुवारीत ५४, मार्चमध्ये ८५. हीच ओळ, हेच आकडे तुमच्याही अहवालात. ९० दिवसांच्या पुढे गेलं की खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए. आता १ जानेवारी २०२५ पासून ही माहिती निदान दर पंधरवड्याला जाते, त्यामुळे डाग लवकर पडतो आणि भरल्याची नोंदही लवकर होते.

या ओळीत जामीनदारासाठी फार मोलाची गोष्ट आहे. खातं एनपीए होण्याआधी एक जरी जुना हप्ता भरला, तरी दिवसांची मोजणी मागे येते. वरच्या उदाहरणात मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक हप्ता भरला, तर तो जानेवारीच्या थकबाकीत जमा होतो. आता सगळ्यात जुना थकलेला हप्ता ५ फेब्रुवारीचा, म्हणून ३१ मार्चला ८५ ऐवजी ५४ दिवस दिसतात. एकदा एनपीए झालं की ही सवलत गेली. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे व्याज आणि मुद्दल यांची सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं परत नियमित वर्गात येत नाही. म्हणजे मार्चअखेर १३ हजारांत जो वेळ विकत घेता आला असता, त्याच कामासाठी एप्रिलच्या मध्यावर चारही हप्ते, म्हणजे ५२ हजारांच्या वर आणि त्यावरचा दंड एकदम उभा करावा लागतो. तुमच्या अहवालात आकडा ९० च्या अलीकडे असेल, तर हा लेख इथेच ठेवून आधी शाखेत जा.

शाखेत काय मागायचं

तोंडी चौकशी पुरत नाही. साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती काढा, एक देऊन दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. अर्जात मागा: कर्जखात्याचा सुरुवातीपासूनचा उतारा, मंजुरीपत्र, तुमची सही असलेल्या जामीनपत्राची प्रत, तारण काय आहे त्याची माहिती, आणि आजच्या तारखेला खातं नियमित करायला किती लागतील व पूर्ण बंद करायला किती लागतील हे दोन वेगळे आकडे. शेवटचं विसरू नका. अनेकदा माणसाला फक्त पूर्ण येणेबाकी सांगितली जाते, तो घाबरून घरी येतो, आणि नुसती थकबाकी भरून खातं सावरता आलं असतं हे त्याला कळतच नाही.

अर्जावर तुमचा सध्याचा मोबाईल नंबर आणि ईमेल लिहून नोंद बदलायला सांगा. थकबाकीची माहिती पाठवताना ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल करावा असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे, पण सही करताना दिलेला नंबर बंद पडला असेल तर तो निरोप कुठे पोचणार?

जामीनपत्र हातात आल्यावर तीन गोष्टी बघा. जामिनीची रक्कम ठराविक आहे की "सर्व येणे" असं लिहिलंय? कॅश क्रेडिटसारख्या दर वर्षी नूतनीकरण होणाऱ्या खात्यासाठी तुम्ही सतत चालणारी हमी दिली आहे का? तशी असेल तर करार कायद्याच्या कलम १३० प्रमाणे बँकेला लेखी नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांसाठी ती मागे घेता येते. आधीचं येणं तुमच्या डोक्यावर राहतंच, पण वाढायचं थांबतं. तिसरी गोष्ट, तुमच्या सहीशिवाय कर्ज वाढवलं किंवा अटी बदलल्या का? कलम १३३ आणि १३५ प्रमाणे अशा वेळी जामीनदार मोकळा होऊ शकतो. मात्र यावर लगेच विसंबू नका. बहुतेक छापील जामीनपत्रांत हा हक्क तुम्ही आधीच सोडून दिलेला असतो, बारीक अक्षरांत. तो मजकूर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढची पायरी चढू नका.

सही तुमची नसेलच, तर मामला वेगळा आहे. त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा, पोलिसांत तक्रार द्या आणि कागदांच्या प्रती जपा. त्या खात्यात एक रुपयाही भरू नका.

कर्जदाराशी आणि दुसऱ्या जामीनदाराशी

घरातलं नातं असलं की हे बोलणं सगळ्यात अवघड जातं. लग्नात, गड्ड्याच्या जत्रेत, चारचौघांत विषय काढू नका. माणूस अपमानाने आडवा लागतो. घरी जा, उतारा समोर ठेवा आणि पैसे अडकलेत कुठे ते विचारा. जॉबवर टॉवेल विणून देणाऱ्याची मजुरी व्यापाऱ्याकडे थकलेली असू शकते. माल पडून असेल. एखादा माग बंद असेल तर बँकेच्या संमतीने तो विकून खात्यात रक्कम भरता येते. बँकेकडे तारण असलेली वस्तू परस्पर विकणं हा गुन्हा ठरू शकतो, त्यामुळे संमती लेखीच हवी.

जे ठरेल ते स्टॅम्प पेपरवर घ्या: एवढी थकबाकी आहे, जामीनदार म्हणून अमुक एवढी रक्कम तुम्ही भरताय, ती तो अमुक तारखांना परत देईल. मेव्हण्याकडून लेखी कसं घ्यायचं, असं वाटेल. माझ्या मते नातं टिकवायचं असेल तर कागद हवाच. तोंडी हिशोबाची आठवण दोघांची वेगवेगळी असते. तेही नाही जमलं तर निदान व्हॉट्सअॅपवर त्याच्याकडून रक्कम कबूल करणारा मेसेज येऊ द्या, आणि तो पुसू नका.

पतसंस्थेत आणि नागरी बँकेत बहुधा दोन जामीनदार असतात. दुसऱ्याला शोधा. कलम १४६ प्रमाणे सहजामीनदारांनी बोजा समान वाटून घ्यायचा असतो. बँक मात्र दोघांपैकी ज्याच्याकडून वसूल होईल त्याच्या मागे लागते, आणि तो पगारदार असतो.

भरायचं की तडजोड करायची

थकबाकी झेपण्यासारखी असेल आणि धंदा सावरायची शक्यता असेल, तर थकबाकी भरून खातं नियमित करा आणि पुढचे काही हप्ते नजरेखाली ठेवा. धंदा बुडालेलाच असेल तर दर महिन्याला थोडं थोडं भरत राहण्यापेक्षा खातं पूर्ण बंद करून तारण आपल्या हाती घेणं शहाणपणाचं. कलम १४० आणि १४१ प्रमाणे सगळं येणं फेडणारा जामीनदार बँकेच्या जागी उभा राहतो. बँकेकडे जे तारण आणि जे हक्क होते, ते त्याला मिळतात. बँका हे आपणहून सांगत नाहीत. अर्ज करून मागावं लागतं. यंत्रमाग तारण असतील तर ते कर्जदाराला परस्पर मोकळे करून देऊ नका, असं पैसे भरण्याआधीच लेखी कळवा.

मग येतं एकरकमी कर्जफेडीचं बोलणं, ओटीएस. बँक काही रक्कम सोडते, खातं बंद होतं, डोक्यावरचा भार उतरतो. पण अहवालात त्या खात्यापुढे "सेटल्ड" असा शेरा येतो, पूर्ण फेडल्याचा नाही, आणि पुढची कर्ज देणारी बँक तो शेरा बघून बिचकते. तुम्हाला दोन-तीन वर्षांत घर घ्यायचं असेल आणि सूट ३०-४० हजारांची असेल, तर मी पूर्ण भरायचा सल्ला देईन. सूट लाखांत असेल, निवृत्ती जवळ आली असेल, नवं कर्ज घ्यायचंच नसेल, तर तडजोड घ्यायला काहीच हरकत नाही. आधी तडजोड करून पुढे उरलेली रक्कम भरायची इच्छा झाली, तर शेरा बदलून मिळेल का ते बँकेकडून लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

हप्त्यांची संख्या वाढवून मुदत लांबवायचा प्रस्ताव आला आणि त्यावर तुमची सही मागितली, तर तुमचीही मुदत तेवढीच लांबतेय हे लक्षात ठेवा. जामीनदार बदलून घेण्याचा अर्ज करता येतो. पण खातं थकीत असताना तो मान्य होईल अशी आशा फार धरू नका.

पैसे कसे भरायचे, हे मात्र काटेकोर पाळा. कर्जदाराच्या हातात रोख कधीच नाही. तुमच्या खात्यातून चेकने किंवा एनईएफटीने थेट कर्जखात्यात, आणि पावतीवर "जामीनदार म्हणून भरणा" असं लिहून घ्या. पुढे कोर्टात जायची वेळ आली तर याच पावत्या तुमचा पुरावा.

खातं बंद झालं की येणेबाकी नसल्याचा दाखला, जामिनीतून मुक्त केल्याचं पत्र आणि सही केलेले कोरे चेक परत घ्या.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर

सोलापूर जिल्ह्यात बऱ्याच जामिनी पतसंस्थांच्या कर्जावर दिलेल्या असतात, म्हणून हे वेगळं सांगतो. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली चालते. पतसंस्थेचं कर्ज सिबिलच्या अहवालात दिसेलच असं नाही, आणि माणूस त्यातच निर्धास्त राहतो. तिथली वसुली जास्त वेगाने होते. कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकांकडे अर्ज करून संस्था वसुली दाखला मिळवते, आणि मग कलम १५६ खाली वसुली अधिकारी पगार, खातं किंवा मालमत्ता जप्त करू शकतो. यात दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालायचा प्रश्नच नाही.

कलम १०१ ची नोटीस आली की सुनावणीला हजर राहा. उतारा चुकला असेल, कर्जदाराने भरलेली रक्कम जमा धरली नसेल, सही तुमची नसेल, तर ते तिथेच लेखी मांडायचं. न गेल्यास दाखला एकतर्फी निघतो, आणि त्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसुलीपात्र रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. नोटीस घ्यायची नाही म्हणून पोस्टमनला परत पाठवणारे पुढे या ५० टक्क्यांपाशी अडतात.

सेवकांच्या पतसंस्थेत सभासद होताना पगारातून कपातीचं संमतीपत्र तुम्ही दिलेलं असतं. कलम ४९ प्रमाणे त्या संमतीवर कार्यालय पगारातून रक्कम कापून संस्थेला देतं. कपात सुरू झाल्याचं कळताच संस्थेला लेखी विचारा की कर्जदारही त्याच आस्थापनेत असेल तर त्याच्या पगारातून आधी कपात का नाही. कायद्याने त्यांच्यावर सक्ती नसली, तरी कर्जदार नोकरीत असेल तर असा अर्ज बऱ्याचदा उपयोगी पडतो.

नोंद चुकीची असेल तर

कर्ज फिटलं तरी थकीत दिसतंय, जामीन सुटला तरी नाव आहे, गॅरंटरच्या जागी संयुक्त लिहिलंय: अशी चूक असेल तर ज्या कंपनीच्या अहवालात ती आहे तिच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि त्याच दिवशी बँकेलाही अर्ज द्या. तक्रार ३० दिवसांत निकाली निघायला हवी. तसं झालं नाही तर २६ एप्रिल २०२४ पासून दर दिवसाला १०० रुपये भरपाई लागू होते. दुरुस्ती नाकारली तर कारण कळवणं त्यांना बंधनकारक आहे.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर फुकट तक्रार करता येते. चौकशीसाठी नंबर १४४४८. पतमाहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून या योजनेत आल्या आहेत. पतसंस्था यात येत नाही. तिची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात.

नोंद खरी असेल तर ती कोणी पुसून देऊ शकत नाही. "१५ दिवसांत सिबिल साफ" असं सांगून पैसे आणि ओटीपी मागणारे एजंट हिंडत असतात. त्यांना दाराबाहेरच ठेवा.

भरलेले पैसे परत मिळवणं

आता तो राग. करार कायद्याच्या कलम १४५ प्रमाणे जामीनदाराने योग्यरीत्या भरलेली रक्कम कर्जदाराने त्याला परत द्यायची असते. तसं वेगळं लिहून घेतलेलं नसलं तरीही. त्यासाठीच्या दाव्याची मुदत पैसे भरल्यापासून ३ वर्षं. आपल्या वाट्यापेक्षा जास्त भरलं असेल तर दुसऱ्या जामीनदाराकडून वसुलीलाही ३ वर्षंच. नात्यात ही मुदत "बघू, दिवाळीनंतर" म्हणता म्हणता संपते, म्हणून प्रत्येक पावतीवर तिची मुदत कधी संपते ती तारीख लिहून ठेवा.

आधी वकिलामार्फत नोटीस पाठवा. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीतल्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी साहाय्य मिळतं. इतरांपैकी बहुतेकांना उत्पन्नाच्या मर्यादेत. विडी वळणाऱ्या कितीतरी बायकांनी नवऱ्याच्या किंवा दिराच्या कर्जावर सह्या केलेल्या असतात, आणि हा हक्क त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर तिला हे जरूर सांगा.

पत पुन्हा उभी करताना

महिनावार ओळ ३६ महिन्यांची दिसते. खातं नियमित झालं की नवे चौकोन शून्याने भरत जातात आणि जुने मागे पडतात. तुमचे स्वतःचे हप्ते आणि क्रेडिट कार्डाचं बिल या काळात एक दिवसही उशिरा जाऊ देऊ नका. कार्डच नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्या, थोडं वापरा, पूर्ण बिल वेळेत भरा. दहा बँकांत एकदम अर्ज करू नका, प्रत्येक चौकशीची नोंद होते.

घरकर्जाचा अर्ज करताना डाग दिसेल म्हणून गप्प बसू नका. अर्जासोबत एक पानी पत्र जोडा: हे कर्ज माझं नव्हतं, मी जामीनदार होतो, अमुक महिन्यापासून थकलं, अमुक तारखेला माझ्या खात्यातून एवढी रक्कम भरून खातं नियमित किंवा बंद केलं. सोबत जामीनपत्राची प्रत, भरण्याच्या पावत्या, बँकेचा दाखला आणि तुमच्या स्वतःच्या कर्जाच्या वेळेवर भरलेल्या हप्त्यांचा उतारा. स्कोअरचा आकडा संगणक बघतो, पण मंजुरीच्या टिपणीवर सही माणूसच करतो, आणि त्याला फाईलमध्ये कारण लिहायला कागद लागतो. तो कागद तुम्ही पहिल्याच भेटीत द्या. नामंजुरी आल्यावर खुलासा करत बसलात तर तो नवा अर्ज धरला जाऊ शकतो.